दावं लांब, खुंटी पक्की : दहावीच्या वयाच्या मुलांचं निवांत घरशिक्षण

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मागच्या आठवड्यात ओळखीच्या एक मावशी भेटल्या. हातात धारोष्ण दुधाचा पेला, समोर माझी पंधरा वर्षांची लेक. "कितवीला गं तू?" तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "शाळेत नाही जात, घरीच शिकते." मावशींनी पेला कट्ट्यावर ठेवला. "म्हंजे साळा सोडलीया व्हय? नापास झाली?"

हा प्रश्न मला महिन्यातून चारदा विचारला जातो, निकालाच्या दिवसांत रोज. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, कारण त्यात कायदा आहे, बोर्ड आहे, वयात आलेल्या मुलाची झोप आहे आणि आपली भीतीही आहे. म्हणून हे बसून लिहिलं. आमच्या लेकीने आठवी संपल्यावर शाळा सोडली. आता दुसरं वर्ष चालू आहे. म्हणजे मी काही या विषयातली तज्ज्ञ नाही. घरी टॅलीवर दुकानदारांचे हिशेब लिहिते, नवरा शिरोलीत फौंड्रीत शिफ्टला जातो.

नेमकं म्हणजे काय?

मूल शाळेत न जाता पालकांच्या जबाबदारीवर शिकतं, याला होमस्कूलिंग म्हणतात. मी घरशिक्षण म्हणते. त्यात दोन टोकं आहेत. एका टोकाला घरातच शाळा भरते. सकाळी आठला गणित, नऊला इंग्रजी, आणि आईच्या हातात पट्टी. दुसऱ्या टोकाला ठरलेला अभ्यासक्रमच नसतो, मूल ज्याच्या मागे लागेल ते शिकतं. या दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेतले शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७० च्या दशकात 'अनस्कूलिंग' हे नाव दिलं. आम्ही यांच्या मधे कुठेतरी आहोत, आणि त्याला निवांत घरशिक्षण म्हणावं असं मला वाटतं.

निवांत म्हणजे मोकाट नव्हे. गाय चारायला सोडताना दोन प्रकारे बांधतात. दावणीला आखूड बांधली की समोर टाकाल तेवढंच खाते. माळावर खुंटी पक्की ठोकून दावं लांब सोडलं की ती स्वतः हिंडून गवत निवडते, पण शेजाऱ्याच्या उसात शिरत नाही. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलाला लांब दावं लागतं. खुंटी कुठे ठोकायची, हे ठरवणं पालकांचं काम. आमच्याकडे खुंट्या थोड्या आहेत: रोज तासभर गणित किंवा भाषा, रोज घाम येईल असं काहीतरी, आणि रविवारी रात्री जेवणानंतर आठवड्याचा हिशेब, तोही तिने सांगायचा. बाकी दिवस तिचा. ती काय करते हे मला दिसतं, पण मी दर तासाला विचारत नाही. (विचारायचं नाही, हे शिकायला मला सहा महिने लागले.)

ज्या गावाने शाळेसाठी दंड लावला, तिथे हे?

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण तो खरा आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळात एक रुपया म्हणजे गरिबाच्या घरात हलकल्लोळ. माझ्या सासूबाई म्हणाल्याच, "महाराज असते तर तुला दंड केला असता."

केला असता कदाचित. पण तो दंड कशासाठी होता ते बघू. ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळेचा उंबराच ओलांडू दिला नव्हता, त्यांची मुलं गुरांमागे किंवा सावकाराच्या वाड्यावर राबू नयेत म्हणून. 'शाळेत न जाणं' आणि 'न शिकणं' तेव्हा एकच होतं. अजूनही अनेक घरांत एकच आहे. उसतोडीला गेलेल्या मुलाला कुणी घरशिक्षण म्हणत नाही, म्हणूही नये. आम्हाला शाळा सोडायची मोकळीक मिळाली, कारण आमच्या मागच्या तीन पिढ्यांनी ती धरून ठेवली. हे मान्य करूनच पुढचं लिहिते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक जपायला हवं. 'घरी शिकते' या नावाखाली मुलगी घरी बसवली जाते, स्वयंपाकाला एक हात वाढतो आणि अठरा पुरी होताच स्थळं बघायला सुरुवात. ओळखायचं कसं? मुलगी आठवड्यात किती वेळा एकटी घराबाहेर पडते, हे मोजा. शाळा सोडल्यावर तो आकडा कमी झाला असेल, तर ते घरशिक्षण नव्हे.

कायद्यात बसतं का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयोगटासाठी, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. त्यात पालकांनी मुलाला शाळेत घालावं असं कर्तव्य लिहिलेलं आहे, पण न घातल्यास शिक्षेची तरतूद नाही. घरशिक्षणाला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. म्हणून लहान मुलांच्या पालकांना शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला आलेल्या गुरुजींसमोर थोडं अवघडायला होतं.

चौदा पूर्ण झाले की तो प्रश्नच उरत नाही. लोकांना वाटतं, लहानपणी घरी शिकवणं सोपं आणि दहावी-बारावीला अवघड. कायद्याच्या अंगाने पाहिलं तर उलटं आहे.

मग दहावीचं काय?

मुख्य वाटा दोन, आणि दोन्ही सरकारी. पहिली वाट सगळ्यांना ऐकून माहीत असते: १७ नंबरचा फॉर्म. वय १४ पूर्ण असलेला विद्यार्थी राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या देऊ शकतो. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, परीक्षा बाकीच्यांबरोबर त्याच दिवशी, तोच पेपर. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचं विभागीय मंडळ आपल्या गावातच आहे. १७ नंबरला लोक नाक मुरडतात, कारण पूर्वी तो नापासांचा रस्ता समजला जायचा. गुणपत्रिका मात्र त्याच मंडळाची मिळते.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. लोक तिला एनआयओएस म्हणतात, मीही तेच म्हणते. केंद्र सरकारची ही संस्था १९८९ पासून आहे. दहावीसाठी किमान वय १४, बारावीसाठी १५. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. विषयांची यादी शाळेपेक्षा लांब आहे; चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषयही मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. शाळेतली दहावी म्हणजे एकरकमी फेड, फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं एकदम मोजायचं. इथे तेच कर्ज हप्त्याने फेडता येतं. आमच्या लेकीने एप्रिलच्या फेरीत मराठी आणि चित्रकला दिली. गणित येत्या ऑक्टोबरात. गणिताला दोन महिने जास्त लागले तर आकाश कोसळत नाही, आणि माझ्या मते निवांतपणाचं निम्मं रहस्य या एका सोयीत आहे.

"पुढे डॉक्टर-इंजिनिअर?" एनआयओएसची बारावी केली तर जेईई देता येते. नीटच्या बाबतीत अडथळा होता; मुक्त शाळेतून बारावी झालेल्यांना वैद्यकीय प्रवेश नाकारणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो प्रश्न मुलांच्या बाजूने सुटला. विज्ञानाची प्रात्यक्षिकं अभ्यासकेंद्रात करावी लागतात, ती चुकवून चालत नाही.

परीक्षाच न देता पुढे जाता येईल का? मुंबईच्या एका मुलीने सातवीनंतर शाळा सोडली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे तिला आपल्या आयआयटीची दारं मात्र बंद होती. ही गोष्ट घरशिक्षणवाले फार आवडीने सांगतात. मी सांगताना दचकते. ती मुलगी अपवाद आहे, आणि अपवादावर आपल्या पोरीचं आयुष्य बेतू नये. दहावी-बारावीचा कागद हातात ठेवा.

पहिले तीन महिने : मळी

शाळा सोडल्यावर लेक काय करत होती? झोपत होती. अकराला उठायची, मोबाइल, जेवण, पुन्हा झोप. एक दिवस न राहवून मी ओरडले. "मी दमलो," ती म्हणाली. (आमच्याकडे पोरीही 'दमलो'च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.)

या काळालाही नाव आहे: डीस्कूलिंग, म्हणजे अंगातून शाळेची सवय उतरणं. घंटा झाली की उठायचं, सांगितलं की लिहायचं, विचारलं की बोलायचं, याची आठ-नऊ वर्षांची सवय असते. घंटाच बंद झाली की मूल काही काळ नुसतं पडून राहतं. आमच्या भागातल्या माणसाला हे गुऱ्हाळावरून लगेच कळेल. उसाचा रस काहिलीत तापायला लागला की आधी मळी वर येते, काळी आणि घाण. गुळव्या घाबरत नाही. रानभेंडीच्या चिकाने ती गोळा होऊ देतो आणि झाऱ्याने काढतो. त्या क्षणी घाईने जाळ वाढवला तर मळी रसातच मिसळते आणि गूळ काळा पडतो. आम्ही तीन महिने जाळ मंद ठेवला. अवघड गेलं. शेजारच्या काकू रोज अकराला खिडकीतून विचारायच्या, "उठली का गं?"

झोपेचं म्हणाल तर त्यात निव्वळ आळस नसतो. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे द्रव्य लहानपणापेक्षा रात्री उशिरा स्रवायला लागतं. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही आणि सहाला जाग येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. म्हणजे जी पोरं आपणहून साडेसहाला उठून घर डोक्यावर घेतात, त्यांना सवलत मिळाली. ज्यांना खरी गरज, ती दहावीची पोरं सात वाजता वर्गात जांभया देत बसलेली! लेक आता नऊला उठते आणि रात्री दहा ते बारा तिचं डोकं सगळ्यात चांगलं चालतं. समीकरणं ती तेव्हाच सोडवते.

गणपतीच्या सोंडेतून बीजगणित निघत नाही

मळी निवाली तेव्हा पहिल्या पावसाळ्यात ती एके दिवशी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गेली आणि परत आलीच नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत. एका मूर्तिकाराच्या शेडमध्ये बसून बघत होती. मग रोज जायला लागली. शाडू किती मळायची, पावसाळी हवेत मूर्ती वाळवताना तडे का जातात, दोन फुटांच्या मूर्तीचं प्रमाण चार फुटांवर नेताना हात किती लांब होतो. ऑगस्टपर्यंत तिला डोळ्यांची आखणी सोडून बाकी बरंच जमू लागलं. आखणी मूर्तिकार कुणालाच लवकर करू देत नाहीत. एक रेघ चुकली की देव तिरळा. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा काय बोलायचं, हे ती मी आयुष्यात शिकले नाही इतकं तिथे शिकली.

इथे एक सावधगिरी. बघत-करत शिकणं आणि पोराला राबवणं यांतली रेघ पुसट असते. २०१६ मध्ये दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्यानुसार चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावता येत नाही. आम्ही तिथे तास ठरवून घेतले आणि रंगाचा फवारा मारायच्या दिवशी तिला पाठवलं नाही.

आणि आता घरशिक्षणवाले सहसा सांगत नाहीत ते. सगळं आपोआप शिकलं जात नाही. प्रमाण आणि गुणोत्तर तिला मूर्तीतून कळलं, पण वर्गसमीकरण काही गणपतीच्या सोंडेतून निघालं नाही. त्यासाठी गल्लीतल्या एका निवृत्त सरांकडे आठवड्यातून दोनदा जावं लागलं, वही-पेन घेऊन, कंटाळा येत असताना. फरक एवढाच की गणित पाहिजे हे तिने ठरवलं होतं, कारण तिला पुढे वास्तुरचना शिकायची आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणूस मनापासून कशाच्या मागे लागतो याचा बराच अभ्यास केला. त्यांच्या मते तीन गोष्टी लागतात: निवड आपली असणं, जमतंय असं वाटणं, आणि आपलं कुणीतरी असणं. तालमीत वस्ताद हेच करतो. शड्डू पोराने स्वतः ठोकायचा, डाव वस्तादाने दाखवायचा, आणि हौद्याभोवती चार जण 'वाऽ' म्हणायला हवेत. वस्ताद पोराच्या वतीने कुस्ती खेळायला लागला तर मैदान पोकळ.

मित्र कुठून आणणार?

"माणसांत मिसळणार कशी?" हा प्रश्न सगळेच विचारतात. मी उलटा एक विचारते. एकाच साली जन्मलेली साठ पोरं एका खोलीत कोंबून 'गप्प बसा' म्हणणं, याला माणसांत मिसळणं म्हणायचं का? आपल्या पेठेतली तालीम बघा, शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची मॅच बघा. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या पोरांत पंधरापासून पस्तीसपर्यंत सगळे एकत्र ओरडत असतात.

पण हे अर्धसत्य आहे. तालीम आणि मैदान मुलांना मिळतं, मुलींना अजून तितकं नाही. आणि पंधराव्या वर्षी स्वतःच्या वयाची माणसं लागतातच. जुन्या वर्गाची सहल गेली, फोटो ग्रुपवर आले, तेव्हा लेक रात्रभर रडली. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. पुढे ती पोहायला जायला लागली, करवीर नगर वाचन मंदिरात तिला एक वाचणारी मैत्रीण मिळाली, जुन्यांपैकी दोघी टिकल्या. चाळीसच्या वर्गाच्या जागी तीन मैत्रिणी उरल्या. तोटा झाला, पण भरून येण्यासारखा.

गंमत म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांबद्दल हा प्रश्न कुणाच्या तोंडी येत नाही. कितीतरी मुलं कॉलेजात फक्त नावाला असतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये. हजेरी कॉलेजची, अभ्यास क्लासचा, मैत्री कुणाशीच नाही. शाळेबाहेर शिकणं आपल्या समाजाला चालतं, फक्त त्याची फी भरलेली असली पाहिजे.

कुणाला जमणार नाही?

दिवसभर घरात कुणी मोठं माणूस नसेल तर नको. नवरा-बायकोत रोज भांडण असेल तर नको. शाळा हे काही मुलांसाठी घरापासून सुटकेचं ठिकाण असतं. मुलाला कुणी छळतं म्हणून शाळा नको असेल, तर आधी तो छळ थांबवा, मग ठरवा. आणि मुलाला स्वतःला नको असेल तर विषयच संपला.

पैशाचं सांगायचं तर शाळेची फी वाचते, पण एका माणसाची कमाई अर्धी होते. ते माणूस बहुतेक वेळा आई असते. मी दोन मोठ्या दुकानांची कामं सोडली. नवऱ्याने शिफ्ट बदलून घेतली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. कुणी 'घरशिक्षण स्वस्त आहे' म्हणालं, तर त्यांना माझी वही दाखवा.

कागद

ठरलंच तर आधी शाळा सोडल्याचा दाखला काढा. १७ नंबरला तो लागतो, आणि वर्षभराने मागायला गेलं की रजिस्टर सापडत नाही, बाई रजेवर असतात. त्यावर जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळतं का ते तिथेच उभं राहून बघा. आमच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, दुरुस्तीला तीन खेपा झाल्या.

दाखल्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. क्लार्कने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, नेहमी लिहिता ते लिहा. त्यांनी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. लेकीने घरी येऊन तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "आई, विनंती मी केलती की."